कॉफी, जागरण आणि मार्क : अभ्यासिकेतल्या पोरापोरींचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीत खाली आमचं मेडिकल आणि वर अभ्यासिका, त्यामुळं परीक्षा जवळ आल्या की जे पोरगं सकाळी वर पुस्तकात डोकं घालून बसलेलं असतंय तेच संध्याकाळी खाली काउंटरला ॲसिडिटीची गोळी मागत उभं असतंय, आणि काय झालं विचारलं की उत्तर ठरलेलं, "काकू, कॉफी जरा जास्त झाली." बाहेरगावची पोरं शिकायला येणं आपल्या गावाला नवीन नाही, शाहू महाराजांनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं तेव्हापासनं हे चालूच आहे, फक्त तेव्हा इलेक्ट्रिकची किटली नव्हती. चंदगड, गडहिंग्लज, राधानगरीकडनं आलेलं घरी दूध पिणारं पोरगं इथं महिन्याभरात काळी कॉफी प्यायला शिकतंय. रोज तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून काढले. बी.फार्म केलंय त्यामुळं औषधाचं शिकून बोलते, तरी तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

काकू, कॉफी पिऊन मार्क वाढतात का? खरं सांगा.

मार्क नाही वाढत, जाग वाढते. झोप यायला लागलेल्या, कंटाळलेल्या माणसाला एका जागी बसवायचं काम कॅफीन चांगलं करतं, लक्ष लागतं, हात जरा पटापट चालतो, रटाळ काम कमी चुका करत होतं. पण जे इंटिग्रेशन काल डोक्यात शिरलं नाही ते आज कॉफी पिऊन शिरत नाही, त्याला सरांकडंच जावं लागतंय. हा प्रश्न लई जुना आहे बरं का. १९११ साली अमेरिकेत सरकारनं कोकाकोलावर कॅफीनवरून टाकलेली केस कोर्टात चालली होती, तेव्हा कंपनीनं हॅरी हॉलिंगवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाकडनं प्रयोग करून घेतले, माणसांना मोजून कॅफीन द्यायचं आणि टायपिंग, आकडेमोड असल्या टेस्ट घ्यायच्या. लहान डोसला काम फास्ट झालं, मोठ्या डोसला झोप बिघडली. शंभर वर्षांवर झाली, तरी मूळ गोष्ट अजून तीच आहे.

आणखी एक, झोप पूर्ण झालेल्याला कॉफीचा फायदा थोडाच होतो, अर्धवट झोपलेल्याला तो मोठा वाटतो, कारण तो मुळातच खाली गेलेला असतोय आणि कॉफी त्याला नेहमीच्या जागेवर आणते एवढंच.

कॉफीनं झोप जाते म्हणजे नेमकं काय होतं?

दिवसभर जागं राहिलं की मेंदूत ॲडिनोसिन नावाचं एक रसायन साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की मेंदूला कळतं, आता पुरे, झोपा. कॅफीनचा आकार साधारण त्याच्यासारखाच असल्यामुळं ते आधी जाऊन त्या जागा धरतं, एसटीत खिडकीतनं रुमाल टाकून सीट धरतात ना तसं. ॲडिनोसिन गाडीत चढलंय, उभं आहे, पण बसायला जागा नाही. लक्षात घ्या, ते उतरलेलं नाहीये, उलट तुम्ही जागे आहात तोवर आणखी चढतंयच. रुमाल निघाला की सगळं एकदम बसतं, म्हणून कॉफी उतरली की डोळे असे गपकन मिटतात. म्हणजे थकवा गेला असं वाटतं पण तो गेलेला नसतो, तुम्हाला दिसायचा थांबलेला असतो.

एका कॉफीचा असर किती वेळ टिकतो?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि हाच कुणी विचारत नाही, सगळे "किती कप" विचारतात. कॅफीन रक्तात चढायला अर्धा ते एक तास लागतो आणि त्यातलं निम्मं अंगातनं जायला सरासरी ५ तास. संध्याकाळी ६ ला १०० मिलिग्रॅम घेतलं तर ११ ला ५० शिल्लक आणि पहाटे ४ ला २५. ही सरासरी झाली, माणसामाणसात फरक लई पडतो, कुणाला दोन तास लागतात कुणाला नऊ, कारण लिव्हरमधलं कॅफीन तोडणारं एन्झाइम प्रत्येकाचं वेगळ्या वेगानं चालतं. सिगारेट ओढणाऱ्यात ते फास्ट चालतं (म्हणून ओढायला लागा असं नव्हे, आधीच सांगून ठेवते), गर्भनिरोधक गोळ्या चालू असलेल्या बाईत हळू.

अमेरिकेत २०१३ साली एक अभ्यास झाला, त्यात लोकांना ४०० मिलिग्रॅम कॅफीन झोपायच्या ६ तास आधी दिलं, तरी झोप तासाभरापेक्षा जास्त कमी झाली. आणि गंमत म्हणजे त्या लोकांना स्वतःला ते फारसं जाणवलंच नाही, मशीननं मोजलं तेव्हा कळलं. "मला कॉफीनं काय होत नाही काकू, मी पिऊन पण ढाराढूर झोपतो" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. झोप लागते रे भावा, पण कसली लागते ते तुला झोपेत कसं कळणार.

मग अभ्यासाला कॉफी प्यायची कधी?

सकाळी उठून नाश्ता करून एक, दुपारी जेवणानंतर दीड-दोन तासांनी एक. चार वाजल्यानंतर नको, फारच वाटलं तर पाचपर्यंत. तुम्ही ११-१२ ला झोपणार असं धरून बोलतेय. रात्री दोनला झोपणारे म्हणतील आमचं गणित दोन तास पुढं न्या, पण सकाळी सातला क्लास असताना दोनला झोपायचं हेच गणित आधी चुकलंय.

परीक्षेच्या आदल्या रात्री नाइट मारायचीच असेल तर?

तर मी काय सांगितलं तरी मारणारच, पण ऐकून मारा. दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसायचं काम बरंचसं झोपेत होतं, म्हणजे रात्री चारपर्यंत वाचलेला चॅप्टर झोपच दिली नाही तर वर वर राहतो, सकाळी ओळखीचा वाटतो पण लिहायला घेतला की येत नाही. कॉफी याची भरपाई करत नाही. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०२१ मध्ये हेच तपासलं, काहींना रात्रभर जागं ठेवलं आणि सकाळी कॅफीन दिलं. नुसतं लक्ष ठेवायच्या टेस्टमध्ये त्यांना मदत झाली, पण ज्यात ओळीनं स्टेप करत जायचं असतं आणि मधे खंड पडला की कुठं होतो ते आठवून परत चालू करायचं असतं, त्यात बहुतेकांना फायदा झाला नाही. आता तुम्हीच सांगा गणिताचा आणि अकाउंट्सचा पेपर कुठल्या प्रकारात येतो. डोळे टक्क उघडे असतात आणि बॅलन्स शीटची एक बाजू लिहायचीच राहते, बाहेर आल्यावर पोरं म्हणतात सिली मिस्टेक झाली. ती रात्रीच्या तिसऱ्या कपात झालेली असते.

आमच्या वरच्या मजल्यावरचं चित्र सांगते. पहाटे शटर उघडायला जावं तर टेबलावर स्टीलचा मग असतो, तळाला कॉफीची साखर चिकटून काळी झालेली, शेजारी फाडलेल्या पुड्यांचा ढीग, हायलायटरचं टोपण उघडं, आणि पुस्तकाच्या एकाच पानावर प्रत्येक ओळ पिवळी केलेली. सगळंच महत्त्वाचं वाटायला लागलं की समजायचं मेंदू कधीच झोपलाय.

नाइट मारणारच असाल तर निदान दीड-दोन तास तरी आडवे व्हा आणि शेवटची कॉफी बाराच्या आत संपवा.

आमच्या रूमवरचा टॉपर दिवसाला पाच कप पितो, त्याचं काय?

तो पितो म्हणून टॉपर आहे की एवढं पिऊनही टॉपर टिकलाय हे त्याच्या कपात बघून कळत नाही. जी पोरं जास्त अभ्यास करतात ती जास्त वेळ जागतात आणि जास्त पितात, त्यात कॉफीचं कर्तृत्व किती ते वेगळं काढता येत नाही. उलट बाजूचा एक मोठा सर्व्हे आहे, आइसलँडमधल्या ७ हजारांवर शाळकरी पोरांचा, २०११ मध्ये छापून आला. त्यात जास्त कॅफीन घेणाऱ्या पोरांचे मार्क कमी दिसले, आणि दिवसा येणारी पेंग हा त्यातला मोठा दुवा होता. तिथंही कॉफीनंच मार्क गेले असं छातीठोक म्हणता येत नाही, कदाचित आधीच दमलेली पोरं जास्त पीत असतील. पण चक्र ओळखीचं आहे का बघा. रात्री झोप कमी, सकाळी कॉफी, दुपारी वर्गात डुलकी, संध्याकाळी परत कॉफी, परत रात्री झोप नाही. आमच्याकडं नोव्हेंबरला चालू झालेलं असलं चक्र बारावीच्या पेपरपर्यंत काही जणांचं चालतंय.

एका कपात कॅफीन किती असतं? आणि चहात?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यातले आकडे सांगते. १५० मिलीच्या कपात फिल्टर केलेली कॉफी असेल तर ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंट असेल तर ५० ते ६५, चहा ३० ते ६५. आता आपला टपरीवरचा कप १५० मिलीचा कुठं असतोय, निम्माच असतोय, आणि दुधातच जास्त उकळलेला, त्यामुळं एका कटिंगचं लई टेन्शन घेऊ नका. पण सीबीएसला, म्हणजे एसटी स्टँडला, जाऊन रात्री गप्पा मारत चार कटिंग झाले की ते एका दणदणीत कॉफीएवढे झाले हे कुणाच्या हिशोबात नसतं.

इन्स्टंटच्या पुडीवर ग्रॅम लिहिलेले असतात ते बघत जा. शुद्ध इन्स्टंट पावडरच्या एका ग्रॅममागं साधारण ३० मिलिग्रॅम कॅफीन धरायचं. आणि पुडी उलटी करून बारीक अक्षरं वाचा, बऱ्याच ब्रँडमध्ये ३० टक्के किंवा त्याहून जास्त चिकोरी असते. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, त्यात कॅफीन अजिबात नसतं, नुसता रंग, दाटपणा आणि कडवटपणा. आपल्याकडच्या नियमानं कॉफी-चिकोरी मिक्समध्ये कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे उरलेलं सगळं चिकोरी असू शकतं. काळीकुट्ट आणि कडू म्हणजे कडक असं नसतंय, हे पोरांना पटवायला मला लई वेळ लागतो.

दिवसाला किती चालतं? मी अकरावीत आहे.

मोठ्या माणसाला पोषण संस्था ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका म्हणते, युरोपची अन्नसुरक्षा संस्था ४०० पर्यंत आणि एका वेळी २०० पर्यंत चालेल म्हणते. मी कमीचा आकडा धरते. शाळकरी आणि अकरावी-बारावीच्या वयाला त्याच युरोपच्या संस्थेचा हिशोब वजनावर आहे, किलोमागं ३ मिलिग्रॅम. ४५ किलोची पोरगी असेल तर १३५ झाले, म्हणजे इन्स्टंटचे दोन कप आणि त्यात सकाळचा चहा पण धरायचा. छाती धडधडणं, हात थरथरणं, उगाच चिडचिड, पोटात गोळा, यातलं काही व्हायला लागलं तर आकडा काय पण असू दे, तुमची लिमिट तिथं संपली.

एनर्जी ड्रिंक बरं की कॉफी?

आपल्याकडं कॅफीनवाल्या ड्रिंकला नियम आहे, लिटरमागं १४५ ते ३०० मिलिग्रॅम. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५, कॉफीच्या कपाएवढंच. वर साखर मिळते ती वेगळी. लहान मुलांसाठी, गरोदर बायकांसाठी नाही असं बाटलीवरच छापलेलं असतं पण दहावीतली पोरं क्लासला जाता जाता घटाघटा पितात, गार आणि गोड असल्यानं दोन मिनिटांत संपते, कॉफी निदान फुंकून प्यावी लागते. दिवसाला ५०० मिलीच्या वर नको हे पण त्यावरच लिहिलेलं असतं. मी दुकानात ठेवत नाही. शेजारी मिळतात, मला माहीत आहे.

वाचायच्या आधी प्यावी की नंतर?

२०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी एक वेगळाच प्रयोग केला होता, लोकांना आधी चित्रं दाखवली आणि नंतर २०० मिलिग्रॅम कॅफीनची गोळी दिली, दुसऱ्या दिवशी त्या लोकांना सारख्यासारख्या चित्रांतला बारीक फरक जास्त ओळखता आला. त्यावरनं "वाचून झाल्यावर कॉफी प्या" असले व्हिडिओ लई फिरले. एका प्रयोगावर टाइमटेबल बदलू नका. संध्याकाळी वाचून मग कॉफी घेतली तर रात्रीची झोप जाणार, आणि पक्कं बसायचं काम झोपेतच जास्त होतंय, म्हणजे एका हातानं घेऊन दुसऱ्या हातानं घालवलं. त्यापेक्षा सकाळी, वाचायला बसायच्या अर्धा तास आधी.

कॉफी पिऊन झोपायचं असतं म्हणे, हे काय खूळ आहे?

खूळ नाही, जमलं तर लई भारी आहे. कॉफी चढायला वेळ लागतो ना, तेवढ्यात पंधरा-वीस मिनिटं डुलकी काढायची, उठेपर्यंत कॅफीन हजर. इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठानं १९९७ मध्ये गाडी चालवायच्या सिम्युलेटरवर हे बघितलं होतं, नुसत्या कॉफीपेक्षा कॉफी अधिक डुलकी जास्त चांगली ठरली. अट एकच, अलार्म. वीस मिनिटांची दीड तास झाली की उठल्यावर डोकं जड आणि संध्याकाळ वाया. दुपारी अडीचच्या सुमाराला वर शेवटची रांग डोकं टेकून पडलेली असते, त्यांना मी उठवत नाही.

पेपरच्या दिवशी कॉफी घेऊ का?

रोज घेत असाल तर रोजच्याएवढीच घ्या, नाहीतर पेपरात डोकं दुखेल. रोज घेत नसाल तर त्या दिवशी पहिल्यांदा अजिबात नको. आधीच टेन्शननं धडधडतंय त्यात आणखी भर कशाला. कॉफीनं लघवीला पण जास्त होते, रोज पिणाऱ्याला कमी, नवीन माणसाला जास्त. बारावीचा पेपर ११ ला, म्हणजे साडेनऊ-दहाला खाऊन मग प्या. नीटची परीक्षा दुपारी २ ला असते आणि आत त्याच्या कितीतरी आधी जाऊन बसावं लागतं, मधे उठलं की वेळ गेला, त्यामुळं त्या दिवशी सकाळचीच पुरे. केंद्राच्या बाहेर आई-वडील थर्मास घेऊन उभे असतात, प्रेमानं दिलं तरी दोन घोट घेऊन परत द्या.

एक दिवस कॉफी चुकली की डोकं ठणकतंय. व्यसन लागलं का?

सवय लागली. कॅफीन बंद झालं की १२ ते २४ तासांत डोकेदुखी, सुस्ती, चिडचिड चालू होते, दुसऱ्या दिवशी जास्त असते आणि दोन ते नऊ दिवसांत जाते. नवरात्रात उपास धरून चहा-कॉफी सोडणाऱ्यांचं डोकं दुसऱ्या माळेला का धरतंय ते यातनं कळेल, देवीचा काय संबंध नाही. सोडायची असेल तर एकदम नको, आठवड्याला एक कप कमी करा, आणि परीक्षेच्या महिन्यात हा प्रयोग नकोच.

अजून एक काउंटरवरची गोष्ट. डोकं दुखतंय म्हणून जी गोळी मागता त्यातल्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं, पाकिटावर लिहिलेलं असतं. कॉफी सोडून डोकं दुखलं, गोळी घेतली, बरं वाटलं, तर ते थोडंफार कॅफीननंच बरं वाटलं असेल. रात्री दहाला ती गोळी घेऊन झोप येत नाही म्हणून परत खाली येणारे पण आहेत.

उपाशीपोटी प्यायली तर चालते का? जेवल्यावर?

उपाशीपोटी ज्याला चालते त्याला चालते, ज्याला जळजळ होते त्यानं आधी दोन पोळ्या खाव्यात, माझ्याकडनं गोळ्यांची पाकिटं नेत बसू नये. मेसचा तांबडा रस्सा ओरपून वर कॉफी हा प्रकार तर बंदच करा. जेवल्यावर लगेच पण नको, कारण चहा-कॉफीतल्या टॅनिनमुळं जेवणातलं लोह अंगाला कमी लागतं. पोषण संस्था जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास सोडा म्हणते. पोरींनो, हे तुमच्यासाठी जास्त. दम लागतोय, चेहरा पांढरा पडलाय, वाचताना लक्ष राहत नाही, म्हणून कॉफी वाढवता आणि मुळात हिमोग्लोबिन कमी असतंय. आधी रक्त तपासा. लोहाची गोळी चालू असेल तर ती कॉफीसोबत तर अजिबातच घेऊ नका.

औषधं चालू असताना?

थायरॉइडची गोळी पाण्यासोबत घ्या, कॉफीला किमान अर्धा-एक तास थांबा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर कॅफीन अंगात जास्त वेळ राहतं, तेवढे दिवस कमी करा. दम्यासाठी थिओफिलिन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मी तालमीकडनं फुटबॉल खेळतो, मॅचच्या दिवशी कॉफी म्हणजे डोपिंग होतंय का?

नाही. २००४ पासून कॅफीन बंदीच्या यादीत नाही. पण मॅच खेळून रात्री परत अभ्यासाला बसायचं म्हणून दुसरी मारू नका, झोपा.

आजोबा म्हणतात कॉफी सोड आणि गंगावेशीत जाऊन म्हशीचं दूध पी. खरं आहे का?

दुधात कॅफीन नाही, पोट भरतं, प्रोटीन मिळतं, आजोबांचं ऐकायला काय हरकत आहे. पण मोठा ग्लास पिऊन लगेच वाचायला बसलात तर पेंग येणार, मग मला बोल लावू नका.

अभ्यासिकेत कॉफीचं मशीन कधी बसवणार?

नाही बसवणार, दरवर्षी विचारू नका. किटली आहे, गरम पाणी कधीही घ्या, पुडी आपापली आणा आणि कॉफीचा मग धुवून ठेवा. संध्याकाळी पाचनंतर वर पुड्या विकायला कुणी आलं तर मला खाली येऊन सांगा, तो कुणाचा रूममेट आहे ते मला माहीत आहे.